नाताळची सजावट कधी सुरू करायची?

मी रायपूरजवळच्या उरल्याहून बोलते आहे. आजचा प्रश्न वरवर साधा आहे. नाताळ २५ डिसेंबरला, मग घर सजवायला सुरुवात कधी करायची? दिवाळी उतरली की लगेच? १ डिसेंबरला? की अगदी २४ तारखेला? प्रश्न साधा असला तरी याच प्रश्नावरून आमच्या घरात दोन वर्षं कुरबूर झाली, आणि तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी तो ज्या पद्धतीनं सोडवला, ती पद्धत तुमच्याही उपयोगी पडेल असं मला वाटतं. नाताळ तुम्ही घरी करत नसाल तरीही ऐका, कारण सण अंगावर कधी घ्यायचा हा प्रश्न गणपतीलाही येतो आणि दिवाळीलाही.

आधी आमचं ठिकाण सांगते. उरला म्हणजे रायपूरच्या उत्तरेचा, बिरगावला लागून असलेला कारखान्यांचा भाग. रोलिंग मिल, लोखंडाच्या भट्ट्या, रात्रंदिवस ट्रक. इथे सकाळी पुसलेल्या ओट्यावर संध्याकाळी बोट फिरवलं की बोट काळं होतं. माझा नवरा एका रोलिंग मिलमध्ये आहे. सकाळी ६ ते २, दुपारी २ ते रात्री १०, रात्री १० ते सकाळी ६, अशा तीन पाळ्या आळीपाळीनं. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणतात. सासरची मंडळी मात्र दोन पिढ्यांपासून छत्तीसगढमध्ये. घरात मराठी, दारात छत्तीसगढी, बाजारात हिंदी. इथले लोक नाताळला ‘बडा दिन’ म्हणतात. आपला ‘नाताळ’ शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, ‘नाताल’ म्हणजे जन्म.

आमची चूक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी झाली, शेजाऱ्यांचे आकाशकंदील अजून लटकत होते, आणि मुलगी म्हणाली, “मम्मी, आपण पण आत्ताच लावू या ना तारा. मॉलमध्ये झाडसुद्धा लागलं.” मलाही हौस होती. नोव्हेंबरच्या मध्यालाच आम्ही सगळं लावून टाकलं. बाहेर पांढऱ्या कागदाचा तारा, खिडकीला दिव्यांच्या माळा, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, टेबलावर गोठा, गोठ्यात मरिया, योसेफ, मेंढरं, राजे आणि बाळसुद्धा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “बाळ आत्ताच जन्मलं होय गं? अजून दीड महिना आहे की.”

पहिल्या आठवड्यात मजा आली. तिसऱ्या आठवड्यात पांढरा तारा राखाडी झाला. डिसेंबरच्या मध्यावर दव पडून कागद सैल झाला आणि एक टोक फाटलं. २० तारखेपर्यंत अर्ध्या माळा बंद पडल्या होत्या आणि त्या बंद आहेत हे घरात कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. मुलगी झाडाकडे बघेनाशी झाली. २५ तारखेला नवऱ्याची पहिली पाळी होती, तो दुपारी घरी आला तेव्हा घर जसं महिनाभर दिसत होतं तसंच दिसलं. २६ तारखेला मी चिडून सगळं उतरवलं. धूळ झटकता झटकता दोन मेंढरं फुटली.

तेव्हा मी दोष धुळीला दिला. पण धूळ दरवर्षी असते. चूक धुळीची नव्हती. आम्ही सगळी सजावट एका दिवसात लावली होती, म्हणून ती एका दिवसातच संपली होती. उरलेला महिना आम्ही ती नुसती सांभाळत बसलो.

चार रविवारांचा हिशोब

आता थोडं मागे जाऊन बघू. चर्चच्या पंचांगात नाताळच्या आधी एक काळ असतो, त्याला आपण मराठीत आगमनकाळ म्हणतो. नाताळच्या आधीचे चार रविवार या काळात येतात. पहिला रविवार कसा काढायचा ते सोपं आहे. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार उलटे मोजा. २५ तारीख स्वतःच रविवारी आली तर तो रविवार मोजायचा नाही. दुसरी युक्ती म्हणजे ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा रविवार धरायचा. दोन्हींचं उत्तर एकच येतं. हा पहिला रविवार नेहमी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये पडतो. २०२५ मध्ये तो ३० नोव्हेंबरला आला, २०२६ मध्ये २९ नोव्हेंबर, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबर आणि २०२८ मध्ये ३ डिसेंबर. म्हणजे आगमनकाळ कधी २२ दिवसांचा असतो, कधी २८ दिवसांचा.

हा काळ आनंदाचा नसून वाट पाहण्याचा आहे. अनेक चर्चमध्ये या दिवसांत वेदीवर जांभळा कपडा असतो. आपल्याकडे चातुर्मासात काही गोष्टी मागे ठेवतात, तसाच काहीसा प्रकार. आनंद आहे, पण तो २४ तारखेच्या रात्रीसाठी राखून ठेवलेला. म्हणूनच युरोपात जुन्या वळणाच्या घरांत झाड २४ तारखेलाच उभं राहायचं. जर्मनीत, जिथून हे झाड जगभर गेलं, तिथे मोठी माणसं बंद खोलीत झाड सजवायची आणि मुलांना ते २४ तारखेच्या संध्याकाळीच दिसायचं.

आता मुलांचा प्रश्न सगळीकडे एकच, “अजून किती दिवस?” हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवणारे पाळक होते, योहान हिनरिख विखर्न. मुलं रोज हेच विचारून त्यांना भंडावून सोडायची. १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, बाकी दिवसांच्या लहान तांबड्या. रोज एक पेटवायची. आज चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं जे हिरवं कडं दिसतं, त्याचं मूळ तिथे आहे. मला हे आवडतं, कारण त्या माणसानं मुलांना ‘गप्प बसा’ म्हटलं नाही आणि सगळ्या मेणबत्त्या एकदम पेटवूनही दिल्या नाहीत.

जगात सगळे असं करत नाहीत हेही खरं. फिलिपिन्समध्ये सप्टेंबरपासून नाताळची गाणी लागतात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग झालं की झाडं निघतात. इटलीत पुष्कळ घरी ८ डिसेंबरच्या मरियेच्या सणाला सजावटीची सुरुवात होते. त्यामुळे ‘हीच तारीख बरोबर’ असं कुणी सांगत असेल तर ते त्यांच्या गावापुरतं बरोबर समजा.

शेजारच्या काकींचे गुरुवार

छत्तीसगढमध्ये राहिल्यामुळे मला एक गोष्ट लवकर समजली. आमच्या शेजारच्या काकी अगहनचे गुरुवार करतात. अगहन म्हणजे आपला मार्गशीर्ष. महाराष्ट्रात महालक्ष्मीचे मार्गशीर्षातले गुरुवार करतात, त्याचंच हे इकडचं रूप. बुधवारी संध्याकाळी काकी घर झाडूनपुसून घेतात, तांदळाच्या पिठानं दारापासून आतपर्यंत पावलं आणि चौक काढतात. गुरुवारी पूजा. मग पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. महिनाभर एकदम रांगोळी काढून ठेवत नाहीत. दर आठवड्याला पुसतात, दर आठवड्याला काढतात.

त्यांचे गुरुवार आणि आमचे रविवार बहुतेक वर्षी एकाच महिन्यात येतात. बुधवारी त्यांच्या दारात पीठ, शनिवारी आमच्या दारात बादली. एकदा काकी मला म्हणाल्या होत्या की लक्ष्मी एकदम येत नाही, दार स्वच्छ दिसलं की थोडी थोडी आत येते. आमची श्रद्धा वेगळी असली तरी सण घरात आठवड्या-आठवड्यानं आणायचा असतो, हे मला त्यांच्या दारात कळलं.

मराठी ख्रिस्ती माणसाला वाट पाहण्याची एक गोष्ट याच रेल्वेमार्गावरची आठवते. कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. राजनांदगाव म्हणजे रायपूरच्या अलीकडचं संस्थान. त्या गाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला. पुस्तक हातात पडलं आणि दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा झाला, असं घडलं नाही. वाचन, विचार, पत्रव्यवहार असं सगळं होऊन १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना तर त्यानंतर आणखी काही वर्षं लागली, आणि ती वर्षं कशी गेली हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. नागपूरची गाडी आजही राजनांदगाववरून रायपूरला येते. सासूबाई त्या स्टेशनावरून जाताना दरवेळी मुलीला ही गोष्ट सांगतात.

ज्या वर्षी तारा लावायचा नव्हता

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्या फसलेल्या नाताळच्या पुढच्या वर्षी आम्ही सावधपणे १ डिसेंबर धरली, तरी पुन्हा सगळं एकदमच लावलं आणि कुरबूर झालीच. त्याच्या पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझे सासरे गेले. आमच्यात सुतक नसतं. पण घर तर तेच होतं, त्यांची खुर्ची तिथेच होती. मी ठरवलं, या वर्षी सजावट नाही. नवराही तेच म्हणाला. मुलगी काही बोलली नाही, पण एक दिवस ती माळ्यावर ठेवलेल्या गोठ्याच्या खोक्याकडे बघत उभी होती.

शेजारच्या काकींनी विचारलं, “ए बछर तारा नइ टांगहू का दीदी?” म्हणजे या वर्षी तारा टांगणार नाही का. मी म्हटलं, नाही. काकी गप्प झाल्या.

पहिल्या रविवारी चर्चहून आलो. सासूबाईंनी देवघरासारखा आमच्याकडे जो बायबलचा कोनाडा आहे, तिथे एक मेणबत्ती लावली. मी म्हटलं, “आई, आपलं ठरलंय ना, काही करायचं नाही.” त्या म्हणाल्या, “अगं, सजावट नको म्हणतेस ते ठीक. पण वाट तर पाहायचीच आहे. यांची वाट पाहण्यात आणि त्याची वाट पाहण्यात मला आता फार फरक वाटत नाही. एक मेणबत्ती राहू दे.”

दुसऱ्या रविवारी दोन झाल्या. मग त्यांनी मुलीला बोलावून एका ताटलीत गहू पेरायला लावले. तिसऱ्या रविवारी तीन मेणबत्त्या, गव्हाला बोटभर कोंब. गोठ्याचं खोकं मुलीनं स्वतः खाली काढलं, आम्ही कुणीच तिला थांबवलं नाही. २४ तारखेला नवऱ्याची दुपारची पाळी होती. रात्री साडेदहाला तो घरी आला, हातपाय धुतले, आणि काही न बोलता शिडी घेऊन बाहेर तारा लावला. त्या वर्षी झाड नव्हतं, माळा नव्हत्या. तारा, हिरवे गहू, गोठा आणि रात्री गव्हाणीत ठेवलेलं बाळ. मग आम्ही चर्चला गेलो.

तेव्हापासून आमचा प्रश्न बदलला. सजावट कधी सुरू करायची असं आम्ही विचारत नाही. कोणती वस्तू कोणत्या दिवशी, असं विचारतो. प्रत्येक वस्तूची स्वतःची तारीख असते आणि ती २४ तारखेपासून उलटी मोजायची असते. आता एकेक वस्तू घेऊ.

एकेक वस्तू, एकेक तारीख

सगळ्यांत आधी पॉइन्सेटिया. लाल पानांची ती कुंडी नाताळच्या सुमाराला नर्सरीत दिसते. ते लाल म्हणजे फूल नव्हे, वरची पानं रंग बदलतात, आणि ती रात्र लांब झाली तरच बदलतात. रोज सुमारे १४ तास सलग अंधार, तोही आठ-दहा आठवडे, असं मिळालं की डिसेंबरात झाड लाल होतं. उरल्यात अडचण अशी की गल्लीतला दिवा आणि कारखान्यांच्या आवारातले मोठे दिवे रात्रभर चालू असतात. त्या उजेडात झाड हिरवंच राहतं. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून संध्याकाळी कुंडीवर मोठं खोकं उपडं घालायचं आणि सकाळी काढायचं. तेव्हा आमच्या सजावटीची खरी सुरुवात ऑक्टोबरात होते, आणि ती कुणाला दिसत नाही.

पहिल्या आगमन रविवारी फक्त साफसफाई आणि एक मेणबत्ती. छताची जाळी काढायची, खिडक्या पुसायच्या, ताऱ्यासाठीचा खिळा आणि वायर तपासायची. दिवाळीचा आकाशकंदील जिथे लावला होता तोच खिळा. साधारण याच दिवसांत शेजाऱ्यांचे आकाशकंदीलही उतरतात. माळांची तपासणी घरात जमिनीवर पसरून करायची. उघडा जोड दिसला तर टेप लावायची, नाहीतर ती माळ टाकून द्यायची. बाहेर दव पडतं, धूळ बसते, तिथे उघडी वायर नकोच.

दुसऱ्या रविवारच्या आसपास, म्हणजे १० ते १२ डिसेंबरला, गहू पेरायचे. गोठ्यापुढे हिरवं गवत हवं म्हणून ताटलीत गहू किंवा नाचणी रुजवायची पद्धत गोव्यापासून मुंबईपर्यंत अनेक घरी आहे. पद्धत आपल्याला अनोळखी नाही. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजवतात. छत्तीसगढमध्ये श्रावणात टोपलीत गहू पेरून भोजली करतात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पाण्यात सोडतात. फरक हवेचा आहे. श्रावणात आणि आश्विनात हवा उबदार, म्हणून आठ-नऊ दिवसांत हिरवंगार होतं. डिसेंबरात रायपूरला रात्री चांगलीच थंडी पडते आणि कोंब सावकाश वाढतात. मी एकदा १८ तारखेला पेरले होते, तर २४ तारखेला जेमतेम दोन बोटं आले. म्हणून १२ ते १४ दिवस धरा. गहू रात्रभर भिजवा, ताटलीत ओल्या मातीवर दाट पसरा, दोन दिवस झाकून ठेवा, मग उजेडात. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. तुमच्या गावी थंडी कमी असेल, कोकणात किंवा मुंबईत, तर १४ किंवा १५ डिसेंबरला पेरलं तरी चालेल.

तिसऱ्या रविवारी घरातल्या कागदाच्या वस्तू. पताका, साखळ्या, मुलांनी केलेली कार्डं. या आतल्या भिंतीवर असतात, धूळ कमी लागते. बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद आणून तारा बांधायचा तोही याच आठवड्यात. पाच टोकांचा तारा करायचा तर दोन सारखे सांगाडे लागतात, मध्ये आडव्या काड्या घालून ते फुगवायचे, म्हणजे आत बल्ब बसतो. बल्ब एलईडीचाच घ्या, तो फारसा तापत नाही.

१८ डिसेंबरला छत्तीसगढमध्ये गुरू घासीदास जयंतीची सुट्टी असते. सतनामी समाजाचा हा मोठा दिवस. आमच्या बाजूच्या वस्तीत जैतखांबावर नवा पांढरा झेंडा चढतो, पंथी नाच होतो. मुलांना शाळा नसते, म्हणून सकाळी आम्ही तो सोहळा बघायला जातो आणि दुपारी गोठा उभा करतो. गोठ्याला गवत हवं, ते म्हणजे पैरा. इकडे भाताच्या पेंढ्याला पैरा म्हणतात. डिसेंबरात मळणी झालेली असते, गावाकडून येणाऱ्या कुणालाही सांगितलं तर मूठभर आणून देतात. नवा पैरा पिवळाधमक असतो. मात्र गव्हाणी रिकामी ठेवायची. गोठ्याची ही पद्धत १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिस यांनी सुरू केली असं मानतात. त्यांनीही गव्हाणी, पेंढा आणि बैल-गाढव एवढंच ठेवलं होतं.

२० ते २३ डिसेंबर या दिवसांत झाड आणि बाहेरच्या माळा. प्लास्टिकचं झाड असेल तर आधी पुसून घ्या. सुरूची खरी फांदी आणत असाल तर २२ तारखेच्या आधी आणू नका, आठ-दहा दिवसांत ती वाळून गळायला लागते. बादलीत ओली वाळू भरून त्यात रोवली तर जरा जास्त टिकते. वाळलेल्या फांदीजवळ आणि कापसाच्या बर्फाजवळ मेणबत्ती मुळीच नको. विजेचा हिशोबही सांगते. समजा १० वॉटची एलईडी माळ रोज ६ तास जळते. पाच दिवसांत ३०० वॉट-तास, म्हणजे एक युनिटही नाही. महिनाभर लावली तर १.८ युनिट. जुन्या ४० वॉटच्या माळेला महिन्याला ७.२ युनिट लागतात. म्हणजे एलईडीच्या बाबतीत पैशाचा प्रश्न मोठा नाही. लवकर लावू नका म्हणते ते बिलासाठी नव्हे, डोळ्याला सवय होऊ नये म्हणून.

आणि २४ तारखेला, सगळे घरी आल्यावर, बाहेरचा तारा. उरल्यात कागदाचा पांढरा तारा शेवटीच लावायला हवा, म्हणजे नाताळच्या सकाळी तो पांढरा दिसतो. तुमच्याकडे हवा स्वच्छ असेल, किंवा तारा प्लास्टिकचा, पुसता येण्यासारखा असेल, तर १ डिसेंबरला लावा. गोव्यात, केरळात तो तेव्हाच लागतो आणि सुंदर दिसतो. रात्री चर्चला निघताना किंवा आल्यावर घरातल्या सर्वांत लहान माणसानं बाळाला गव्हाणीत ठेवायचं.

उतरवायचं कधी?

सुरुवात उशिरा केली तर एक फायदा होतो, २६ तारखेला कंटाळा येत नाही. नाताळ हा एका दिवसाचा सण नाहीच. तो २५ डिसेंबरला सुरू होतो आणि बारा दिवस चालून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत पोहोचतो. पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्यामागून आले, त्याची ती आठवण. आमची मुलगी तीन राजे गोठ्यात ठेवत नाही. २५ तारखेला ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर असतात, मग फ्रीजवर, मग टीव्हीजवळ, आणि ६ तारखेला गोठ्यात पोहोचतात. रोज त्यांना पुढे सरकवायचं काम तिचं. ७ तारखेला सगळं पुसून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात. मेंढरं वेगळ्या डब्यात. गहू गाईला.

तारीख कधी मोडायची?

एवढं सगळं सांगितल्यावर एक गोष्ट सांगणं गरजेचं आहे. ही तारखांची यादी माणसांसाठी आहे, माणसं यादीसाठी नाहीत. आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा जहाजावर असतो. एका वर्षी त्याला १२ डिसेंबरला निघायचं होतं. त्याच्या आईनं ९ तारखेला तारा, झाड, गोठा, बाळ, केक, सगळं केलं. कुणी म्हणालं, अजून आगमनकाळ चालू आहे. ती म्हणाली, माझं लेकरू घरात आहे तोवर माझा नाताळ. मला तिचं बरोबर वाटलं. घरात कुणी आजारी असेल, डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितले असतील, तर ऑक्टोबरातही तारा लावा. आणि घरात नुकतं कुणी गेलं असेल तर ‘काहीच नाही’ आणि ‘सगळं’ या दोनच वाटा आहेत असं समजू नका. एक मेणबत्ती आणि ताटलीभर गहू एवढ्यानंही वर्ष निभतं. चार रविवारांचा तो जांभळा काळ अशा घरांसाठीही आहे, हे मला त्या वर्षी समजलं.

पाळीवर काम करणाऱ्या घरांना माझं एक सांगणं आहे. डिसेंबर सुरू झाला की पाळ्यांचं वेळापत्रक फ्रीजवर लावा आणि त्यावरच खुणा करा. कोण कधी घरी आहे ते बघून प्रत्येकाच्या वाट्याला एक तरी वस्तू येऊ द्या. आमच्याकडे तारा नवऱ्याचा, गहू आणि बाळ मुलीचे, मेणबत्त्या सासूबाईंच्या, माळा आणि पॉइन्सेटिया माझे. सासऱ्यांकडे पूर्वी गोठ्याचं छप्पर असायचं. ते बांबूच्या कामट्यांचं छप्पर त्यांनीच केलेलं आहे, आता थोडं वाकलंय. १८ तारखेला खोक्यातून ते आधी निघतं. सासूबाई ते पदरानं पुसतात आणि मुलीच्या हातात देतात.

तर मंडळी, यंदा कॅलेंडर घ्या, २५ डिसेंबरपासून चार रविवार मागे मोजा आणि पहिल्या रविवारी फक्त खिडक्या पुसा. बाकीचं पुढे. पुढच्या भागात नाताळच्या फराळाच्या ताटाबद्दल बोलू. करंज्या आधी की चकल्या आधी, यावरही आमच्याकडे दोन मतं आहेत. भेटू या.